वरच्या मजल्यावर पाच फुटी टँक: स्लॅबचा हिशोब आणि पहिली भरणी

माशांच्या टँकची साईज एकदाची फायनल झाली. ५ फूट लांब, २ फूट रुंद, उंची २० इंच. मूळ प्लॅन ३० इंच उंचीचा होता, त्यातले दहा इंच छाटले आणि त्याचं कारण दिसणं-बिसणं नाही, खालचा स्लॅब.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो हे आपल्यातल्या सगळ्यांनाच माहितीये, पण बरेच जण तिथेच थांबतात. माझा हिशोब असा निघाला: वर दोन इंच रिकामे आणि खाली दोन इंच वाळू धरून पाणी साधारण ३८० लिटर, १२ एमएम काच चौरस मीटरला ३० किलो भरते म्हणजे ९३ किलो, वाळू ७०, दगड ४०, कॅबिनेट ६०, आणि सम्पचं (टँकखाली कॅबिनेटमध्ये बसणारी फिल्टरची टाकी) पाणी नि काच धरून १००. साडेसातशेच्या जरा आत. हाच टँक ३० इंची ठेवला असता तर पाणी सहाशेच्या वर, काच १५ एमएम घ्यावी लागली असती ती दीडशे किलोच्या वर, आणि सगळं मिळून हजार किलो पार!

आता खरी गंमत. टँकखालच्या जमिनीवर दर चौरस मीटरला किती पाणी बसणार हे फक्त उंचीवर ठरतं, लांबीवर नाही. ५० सेंटीमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ५०० किलो, मग टँक तीन फुटी असो की सहा फुटी. लांबी भिंतीलगत वाढवली तर जादा वजनाबरोबर ते पेलणारी स्लॅबची पट्टीही तेवढीच वाढते. उंची वाढवली की मात्र त्याच पट्टीवर नुसती भर पडते. म्हणून लोक "सहा फुटी टँक वरच्या मजल्यावर नको रे बाबा" म्हणतात आणि तीन फुटी पण अडीच फूट उंच क्यूब बिनधास्त खोलीच्या मध्यावर ठेवतात, ते मला तरी उलटं वाटतं.

बहुतेक देशांच्या कोडमध्ये राहत्या खोलीचा लाईव्ह लोड (माणसं, सामान वगैरेंचं वजन) चौरस मीटरला १.५ ते २ किलोन्यूटन धरतात, म्हणजे जास्तीत जास्त २०० किलो. माझा टँक त्याच्याखालच्या जागेवर चौरस मीटरला ८०० देतोय. चौपट बघून पोटात गोळा येतो, पण ते २०० किलो अख्ख्या खोलीवर पसरलेले धरलेले असतात. १२ बाय १२ च्या खोलीला एकूण अडीच टनाच्या वर होतात. त्यामुळे एकूण वजन हा प्रश्नच नाही, ते वजन स्पॅनमध्ये, म्हणजे स्लॅबच्या दोन आधारांमधल्या अंतरात, कुठे बसतंय हा प्रश्न आहे.

स्लॅबचा स्पॅन १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. टँक भिंतीला दोन इंच सोडून लावला तर त्याचा मध्य भिंतीपासून साधारण ३५ सेंटीमीटरवर येतो. स्लॅब दोन्ही टोकांना नुसता टेकलाय असं धरून बेंडिंग मोमेंट (स्लॅबला वाकवणारा जोर) काढला तर मध्यावर ठेवल्यावर जेवढा येतो त्याच्या जेमतेम एक तृतीयांश येतो. म्हणजे भिंतीलगतचे ७४० किलो हे खोलीच्या मध्यावर ठेवलेल्या अडीचशे-पावणेतीनशे किलोंसारखे. चार माणसं मध्यावर उभी राहून गप्पा मारतात तेव्हा आपण स्लॅबकडे बघत पण नाही.

पण याला दोन अटी आहेत आणि त्या खऱ्या महत्त्वाच्या. स्पॅन त्या भिंतीकडे धावत असला पाहिजे, आणि भिंतीखाली बीम किंवा खालच्या मजल्याची भार घेणारी भिंत पाहिजे. नुसत्या पार्टिशनच्या शेजारी टँक ठेवून "भिंतीला लावलाय" म्हणण्यात अर्थ नाही, उलट साडेचार इंची विटांची भिंत प्लास्टर धरून मीटरला सात-आठशे किलो स्वतःच स्लॅबवर टाकते. मी आधी स्ट्रक्चरल ड्रॉइंग काढून बघितलं, मग खालच्या खोलीत जाऊन बीम प्रत्यक्ष मोजला, आणि शेवटी दोन्ही एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवलं. स्लॅबच्या खालच्या बाजूला भेगा, गंजाचे डाग, फुगलेलं प्लास्टर दिसलं तर हे सगळे आकडे बाजूला ठेवा, सळईच खाल्ली गेली असेल तर हिशोब कुणाचा करणार. आणि बाहेर झुलणाऱ्या बाल्कनीत मोठा टँक नकोच.

लाकडी जमीन असलेल्यांसाठी: टँकची लांबी तुळयांना आडवी ठेवा. तुळया १६ इंचांवर असतील तर पाच फुटी टँक तीन-चार तुळयांवर बसतो, समांतर ठेवला तर एक-दोघींच्याच डोक्यावर. लाकडी जमीन मजबूत असली तरी चालताना हलते, आणि टँकमधल्या पाण्याला ते लगेच कळतं.

स्टँडचे पाय हा वेगळा विषय. चार पायांवर प्रत्येकी पावणेदोनशे-एकशेनव्वद किलो, काँक्रीटला त्याचं काही नाही, पण टाइल खाली पोकळ असेल तर तडकते. नाण्याने टाइल वाजवून बघितल्या, एका कोपऱ्यात पोकळ आवाज आला, ती टाइल काढून परत बसवली आणि सगळ्या स्टँडखाली जाड प्लायची पट्टी घेतली.

आता भरणी चालू आहे, लीक टेस्टची, वाळू-दगडांशिवाय. पाऊण टँक भरलाय. चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजतोय. पाण्यासारखी लेव्हल कुठली नाही! स्लॅब वाकला तर पुढची बाजू आधी खाली जाणार, म्हणजे पुढच्या काचेवर पाणी कडेच्या जवळ येणार. पुढे-मागे दीड मिलिमीटरचा फरक पाव टँकलाही होता, आताही तेवढाच आहे, म्हणजे तो स्टँडचा आहे.

खालच्या खोलीत स्पॅनच्या मध्यावर डायल गेज (स्लॅब किती खाली आला ते बारीक मोजणारा काटा) पण लावलाय. ०.२ मिलिमीटरच्या आसपास दाखवतोय, कागदावर पूर्ण भरल्यावर ०.३ येत होतं, तेव्हा ठीक. गेज लाकडी पट्टीवर उभा केलाय, ॲल्युमिनियम पाईपवर नाही, कारण नऊ-साडेनऊ फुटांचा पाईप एका डिग्रीला ०.०७ मिलिमीटर वाढतो आणि दुपारी उगाच स्लॅब खाली आल्याचा साक्षात्कार होतो.

काँक्रीट कायमच्या वजनाखाली हळूहळू आणखी वाकत राहतं, काही वर्षांत सुरुवातीच्या वाकाच्या दुपटीपर्यंत भर पडू शकते. माझ्या बाबतीत तो आकडा एक मिलिमीटरच्या आतच राहतो, तरी लेव्हल अधूनमधून बघणार.

खरी भीती मला स्लॅबची कमी आणि पाणी खाली गळण्याची जास्त आहे. लाईट गेली की ओव्हरफ्लोमधून (टँकमधलं वरचं पाणी सम्पमध्ये उतरायची वाट) आणि रिटर्न पाईपमधून (पंपाने ते परत वर नेणारा) जेवढं पाणी खाली येतं तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवी. पंप थांबल्यावर टँकमधलं पाणी त्याच पाईपने उलटं ओढलं जाऊ नये म्हणून रिटर्नला पाण्याच्या पातळीखाली लगेच सायफन तोडणारं भोक पाडलंय, पण ते टँक पूर्ण भरल्यावरच तपासता येईल. आता उरलेला पाव टँक भरणार, पंप बंद करून ते भोक तपासणार, आणि गेज शांत राहिला तर पाणी काढून वाळू आणि दगड.