१४७ ग्रेनची जाहीर माफी (डबा आणि ऑस्ट्रियन, अपडेट ६)

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये मी १४७ ग्रेनला, म्हणजे तेवढ्या वजनाच्या जड गोळीच्या काडतुसाला, फासावर लटकवून मोकळा झालो होतो. (नवख्यांसाठी: डबा म्हणजे सायलेन्सर, ऑस्ट्रियन म्हणजे माझं पिस्तूल.) "डबा लावला की पुंगळ्या मनगटावर गळतात, या काडतुसात दमच नाही, विषय संपला," असं ठोकून दिलं होतं. विषय संपला नव्हता. तीन महिने मी भलत्याच्याच मागे लागलो होतो, हे परवाच्या शनिवारी कळलं. तेही माझ्या हुशारीने नाही, १२४ चा, म्हणजे हलक्या गोळ्यांचा, खोका घरीच विसरलो म्हणून.

स्थिती तुम्हाला माहीत आहे. नुसतं ऑस्ट्रियन चालवलं तर पुंगळ्या उजवीकडे सहा-सात फुटांवर, काय टाकाल ते. डबा लावला की सुरुवात बरी, मग जोर उतरत जातो. शेवटच्या मॅगझिनला तर पुंगळी स्लाइडच्या (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) खिडकीतून मान बाहेर काढते आणि तिथेच उभी अडकते. स्टोव्हपाइप. दर आउटिंगला तीन-चार. यावर मी आतापर्यंत काय काय केलं? एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा आकडा, बदलला. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग बदलली. पकड ढिली पडते म्हणून ग्रिपला सँडपेपरसारखा टेप लावला, त्याने तळहाताची सालं निघाली. मॅगझिनं तीन वेगवेगळी वापरून झाली. आणि या सगळ्याच्या आधी, अपडेट २ मध्ये, रिकॉइल स्प्रिंग (मागे आलेल्या स्लाइडला परत पुढे ढकलणारी) मूळची १७ पौंडी काढून जास्त ताठ, २० पौंडी घातली होती, ती तशीच ठेवली. ते लक्षात ठेवा, पुढे येतंय.

कमेंटमध्ये दोघा-तिघांनी विचारलं होतं, की डबा लावल्यावर गॅस उलटा मागे येतो, मग इजेक्शन, म्हणजे पुंगळी बाहेर फेकण्याचा जोर, वाढायला हवं, कमी कसं होतं? प्रश्न अगदी रास्त आहे. एआर रायफलवर आणि माझ्या ब्लोबॅक कार्बाइनवर (आखूड रायफल) तसंच होतं, पुंगळ्या शेजारच्या बेंचपर्यंत जातात आणि डोळ्यांत धूर. पण ऑस्ट्रियनसारख्या ब्राउनिंग पद्धतीच्या पिस्तुलात भानगड वजनाची आहे. तिथे बॅरल आणि स्लाइड आधी थोडं अंतर बरोबर मागे येतात, मग बॅरलची मागची बाजू खाली झुकते आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. त्या बॅरलच्या नाकावर तीनशे ग्रॅमचा डबा टांगला की बिचारं मागे यायलाच कुरकुरतं. म्हणून तर बूस्टर. पिस्टन बॅरलच्या आट्यांवर, डबा पिस्टनवर, मध्ये स्प्रिंग. गोळी सुटली की गॅसमुळे डबा पुढे ढकलला जातो, तेवढ्या क्षणापुरतं त्याचं वजन बॅरलवरून उतरतं, वर मागच्या बाजूला एक धक्काही मिळतो. कार्बाइनची बॅरल हलतच नाही, म्हणून तिच्यावर जाताना मी बूस्टरची स्प्रिंग काढून घट्ट स्पेसर टाकतो. उलटं विसरलात, म्हणजे स्पेसर ठेवूनच डबा पिस्तुलावर लावलात, तर प्रत्येक गोळीनंतर स्लाइड हाताने ओढत बसा. मी एकदा बसलोय.

तर शनिवार. गाव ऑस्टिन (टेक्सास), पण रान ऑस्टिनपासून तासभर लांब, एका मित्राचं. जमिनीवर आईने पाठवलेली सोलापुरी चादर अंथरली, तिच्यावर खडूने फुटाफुटावर रेघा. (बायकोला ही चादर रेंजवर जाते हे माहीत आहे. आईला नाही.) पद्धत अशी: दहा गोळ्या, मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर बोटाने तपासायचं, मगच पुढे जाऊन पुंगळ्या कुठल्या रेघेत पडल्यात ते वहीत लिहायचं. नेहमीचा क्रम आधी १२४, मग १४७. का, तर १२४ स्वस्त, त्यावर हात गरम करायचा. त्या दिवशी स्वस्त माल घरीच राहिला, म्हणून सुरुवात थेट १४७ ने.

पहिल्या दहा: सगळ्या पाच ते सहा फुटांवर. मी चादरीकडे बघतच राहिलो. दुसऱ्या दहा: साडेचार. तिसऱ्या: तीन. चौथ्या दहांत दोन पुंगळ्या माझ्या बुटावर आणि एक स्टोव्हपाइप.

काडतूस तेच, खोका तोच, हात तोच. बदलत होता तो फक्त गोळ्यांचा आकडा. घरी येऊन जुनी वही काढली. प्रत्येक पानावर १२४ वर, १४७ खाली, आणि मी मजेत निष्कर्ष काढत बसलेलो की खालचा दोषी. अहो, १४७ नेहमी चाळीस-पन्नास गोळ्यांनंतरच येत होता! आठवीच्या विज्ञानाच्या बाईंनी कान धरला असता. त्यात १४७ सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू, सेकंदाला हजार फुटांच्या जरा आत, त्यामुळे "मऊ काडतूस" या संशयाला ते सोयीचंही होतं. गोळी हळू असली तरी जड आहे, स्लाइडला मागे ढकलायला तेवढं पुरतं, हे मला तोंडपाठ असून मी ते बाजूला ठेवलं.

गोळ्यांबरोबर काय बदलतं? उष्णता आणि काजळी. दोन्ही कुठे साठतात? डब्यात. बूस्टर मी याआधी दोनदा तपासला होता, पण दोन्ही वेळा घरी, थंड असताना, हाताने ओढून. छान मागेपुढे होत होता.

रविवारी सकाळी बायकोची एक लाल नेलपॉलिश मागून घेतली (ती वाळत आलेली होती, असं मी म्हणतो). पिस्टनच्या दांड्यावर लांबीने एक पातळ रेघ ओढली, वाळू दिली. कल्पना साधी: पिस्टन जितका सरकेल तितकी रेघ खरवडली जाईल. संध्याकाळी पुन्हा रान. आधी तीस गोळ्या चालवल्या, डबा निवू दिला, जाड हातमोजे घालून बूस्टर उघडला, जी काही रेघ उरली होती ती पुसून नवी ओढली आणि दहा गोळ्या आणखी. उघडून बघतो तर रेघ एका टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी खरवडलेली, बाकी लालभडक जशीच्या तशी. पिस्टन जवळजवळ हललाच नव्हता. म्हणजे पिस्तुलाच्या दृष्टीने मी स्पेसरच लावून बसलो होतो.

कारणही पिस्टनवरच चिकटलेलं होतं. मी त्याला स्लाइडचंच पातळ तेल देत आलो. ते पंधरा-वीस गोळ्यांत जळून जातं, उरते काजळी आणि शिसं यांची खीर. गरम असताना ती पिस्टन धरून ठेवते. घरी येऊन मी रात्री पुन्हा तेल सोडलं की ती भिजते आणि बूस्टर शहाण्यासारखा वागतो. डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरावा, तसं.

साफसफाई हा वेगळा अध्याय आहे. पिस्टन आणि बूस्टरचा दंडगोल रात्रभर सॉल्व्हंटमध्ये, नायलॉनचा ब्रश, मग पितळी. खाचांतली काजळी निघेना, तेव्हा बांबूचे स्क्युअर तासून कोरली. हातमोजे सोडू नका, शिसं आहे, आणि त्यासाठी घेतलेलं भांडं परत स्वयंपाकघरात नेऊ नका. सगळं कोरडं झाल्यावर जास्त तापमानाचं ग्रीस, थिजलेल्या साजूक तुपाएवढं दाट, बोटाने पातळ थर. याच ग्रीसची चिमूटभर डबी एक दुकानदार "सप्रेसर स्पेशल" म्हणून चौदा डॉलरला विकतो. गाडीच्या ब्रेकसाठीची मोठी ट्यूब तेवढ्यातच येते. मी ट्यूब घेतली. स्प्रिंगही मोजली, नवीपेक्षा जेमतेम एका आट्याने बसलेली, तशीच ठेवली.

बुधवारी सुट्टी टाकली. चादर, खडू, वही. शंभर गोळ्या, १२४ आणि १४७ आलटून पालटून. पहिल्या दहांची सरासरी पाच फूट, शेवटच्या दहांची साडेचार. एकही स्टोव्हपाइप नाही. शंभरावी पुंगळी चादरीच्या पाचव्या रेघेवर टण्णकन उडाली, तेव्हा एकटाच टाळ्या वाजवल्या. ती पुंगळी खिशात आणलीय, आत्ता कीबोर्डशेजारी उभी आहे.

मग एकदा मुद्दाम डाव्या हाताने, सैल पकडून, दहा गोळ्या. दोन स्टोव्हपाइप. आणि इथे ती २० पौंडी स्प्रिंग आठवली. बूस्टरच्या धक्क्याने फ्रेमला मार बसू नये म्हणून घातली होती, पण त्या वेळी बूस्टर धक्का देतच नव्हता, मी अर्धमेल्या स्लाइडला आणखी जखडत होतो. हे लिहिता लिहिताच उठून १७ पौंडी घालून आलो. मूळ बेत या शनिवारी नवा पिस्टन मागवायचा होता, तो रद्द. आधी फक्त स्प्रिंगचा फरक बघतो, एका वेळी एकच गोष्ट. पुंगळ्या आठ फुटांच्या पलीकडे जायला लागल्या तर २० परत. डावा हात, उजवा हात, दोन्ही वजनं, आणि या वेळी क्रम नाणं उडवून ठरवणार.

हो, एक राहिलं. डब्यावर मी २०० डॉलर कर भरला होता, १९३४ पासून तेवढाच चालत आलेला. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झालाय. अर्ज आणि मंजुरी अजून लागतेच, पण ज्यांनी माझं ऐकून थांबायचं ठरवलं होतं त्यांनी मला एक जेवण द्यावं.

एक्स्ट्रॅक्टर नवाकोरा, एक महिना वापरलेला, निम्म्या किमतीत द्यायचा आहे. काहीही दोष नाही. कधीच नव्हता.