लाल कोटवाला

"काका, हा इंग्रज ना?"

बुचावर चिकटवलेला शिपाई, १:७२ मापाची प्रतिकृती, म्हणजे जेमतेम अडीच सेंटिमीटर. श्वास रोखून ब्रशने त्याचा काळा पट्टा रंगवत होतो. पुतणीने विचारलं आणि ब्रश थेट कोटावर घसरला.

"नाही गं. महादजी शिंद्यांच्या पलटणीतला."

"मग लाल कोट?"

महादजींच्या युरोपीय सेनानीने, डी बॉयनने, कवायती फौज कशी उभी केली, ते सगळं सांगितलं. लाल कोट, निळी पगडी, काळे चामडी पट्टे. (रंग शोधण्यात माझे दोन रविवार गेलेत, ते नाही सांगितलं.)

तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "बरं. पण दिवाळीच्या किल्ल्यावर नको हं. सगळे विचारत बसतील."

कोट पुन्हा रंगवला. शिपाई अजून बुचावरच उभा आहे.

ठेवू का तरी, पायथ्याशी?