कुरळं टोक

डिसेंबरातली गोष्ट. गोव्यातल्या शापोरा नदीत चोणक (मोठा खाडीतला मासा) पकडायला लोकांना बोटीने नेणं हा माझा धंदा. त्या दिवशी पुण्याचे एक काका आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा, पहाटे शिवोलीच्या पुलाजवळ बोटीत चढले. काकांचा रॉड भारी, रीलवर 30 पौंड ताण सोसणारी नवीकोरी ब्रेड (म्हणजे ब्रेडेड, विणलेली लाइन, आमचा पाव नव्हे), पण लीडर (लाइन आणि आमिष यांच्यामधला दणकट तुकडा) नाही, लुअर (खोटं आमिष) थेट ब्रेडला बांधलेला. "काका, तंगुसाचा (नायलॉनचा) लीडर लावूया?" म्हटलं तर "अहो 30 पौंड आहे, काय तुटतंय!"

चोणक लागला, उडी मारली आणि गेला. मी लाइनचं टोक हातात घेतलं. ते मी नेहमी बघतो, कारण तुटली कशी ते टोकच सांगतं. खांबावरच्या कालवांना घासलं तर फुलतं, केसासारखे धागे सुटतात. चोणकाच्या गालावरचं पातं लागलं तर कापल्यासारखं साफ. आणि गाठच निसटली तर टोक कुरळं होतं, स्प्रिंगसारखं. काकांचं कुरळं होतं. तंगुसावर चालणारी क्लिंच गाठ ब्रेडवर घसरते, ब्रेड असते गुळगुळीत नि ताणत तर जवळजवळ नाहीच, त्यामुळे झटका सगळा गाठीवर.

मग मी दीड-दोन हात 40 पौंडाचा फ्लोरोकार्बनचा (तंगुसासारख्याच लाइनचा) लीडर लावायला घेतला, ब्रेडला जोडायला एफजी गाठ. ही गाठ बारीक, रॉडच्या रिंगांतून अडखळत नाही, म्हणून माझी लाडकी. लीडर ताठ धरून ब्रेड वरून-खालून वीसेक वेळा फिरवायची. पण सुकती (ओहोटी) लागलेली, बोट हलतेय, समोर मासे फटाफट पाणी मारतायत आणि काका घाई करतायत, मी शेवटच्या अर्ध्या गाठी (हाफ हिच) मारल्या, ओढलं न ओढलं आणि दिला रॉड.

दुसरा लागला, पहिल्यापेक्षा मोठा. तीन उड्या आणि लाइन सैल. लीडरसकट गेला. पोराने टोक उचललं, बघितलं, आणि म्हणाला, "दादा, हेही कुरळंच आहे की."

काय बोलणार! एफजीत गाठ अशी काही नसतेच, ब्रेड लीडरच्या अंगात रुतते त्यावरच सगळं उभं. थुंकी लावून हाताला काच पडेपर्यंत ओढायचं, ब्रेडचा रंग गडद झाला की समजायचं रुतली. माझ्या ब्रेडचा रंग फिका होता, मी बघितलाच नव्हता. त्या चोणकाच्या तोंडात लीडर लटकत राहिला त्याचं वाईट अजून वाटतं.

तिसऱ्यांदा गपगुमान डबल युनी बांधली, लीडर जोडायची दुसरी गाठ. ब्रेडच्या बाजूला आठ वेढे, लीडरच्या बाजूला चार. जाडी गाठ, रिंगांतून जाताना टकटक वाजते, पण हलत्या बोटीवर माझ्या हाताला तीच जमते. लुअरला बोटाने फिरवून बघितलं, दोन्ही टोकांना खेचून बघितलं, काका गप्प.

खारफुटीच्या मुळांकडून तांबसो (लालसर मासा) आला. तो लागला की सरळ मुळांत घुसतो, काकांनी ड्रॅग (रीलचा ब्रेक) आवळून खेचून काढला. लीडरवरून बोट फिरवलं तर शेवटचा हातभर भाग खरखरीत, कानशीसारखा. तेवढा कापून टाकला नि परत बांधलं.

परतताना दुसऱ्या लुअरचे पैसे मी भाड्यातून वजा केले. पहिल्याचे नाही.