माहीममध्ये योइची

नाशिककर मुंबईला जातो तो कामाला, नाहीतर लग्नाला. मी गेलो एका बाटलीसाठी. पंचवटी एक्स्प्रेस, इगतपुरीला वडा, घाटात डुलकी, मग दादर. तिथून टॅक्सीने माहीम, शिरीषकडे. प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

शिरीष बोटीवर इंजिनियर आहे. जपानहून मिळवलेली 'योइची ॲपल ब्रँडी वुड फिनिश' त्याने सीलबंद ठेवली होती. नावात ब्रँडी असली तरी ही व्हिस्कीच, फक्त शेवटी सफरचंदाच्या ब्रँडीच्या रिकाम्या पिंपांत मुरवलेली; त्यालाच 'फिनिश' म्हणतात. दिवाळीनंतर घरी आला की उघडू, असं ठरलं होतं. वहिनींनी गोपी टँक मार्केटमधून आणलेले बोंबील पाटा ठेवून दाबले होते, खाली ताटात पाणी सुटलं होतं. रव्यात घोळून ते तव्यावर पडले आणि आमची पंचाईत झाली. बोंबलाच्या वासापुढे कुठली व्हिस्की टिकणार! शेवटी ग्लास घेऊन आतल्या खोलीत गेलो आणि दार लावून बसलो.

पहिला वास धुराचा. जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेटावरच्या योइची डिस्टिलरीत पॉट स्टिल, म्हणजे व्हिस्की गाळायची तांब्याची भांडी, आजही दगडी कोळशाच्या जाळावर तापवतात आणि माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूत, पीटचाही (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) धूर असतो. ग्लास दोन मिनिटं तसाच राहू दिला, तेव्हा सफरचंद आलं. करकरीत, ताजं नव्हे; डब्यातल्या फोडी दुपारपर्यंत तांबूस पडतात, तेव्हा झाकण उघडल्यावर येतो तसा वास. मागोमाग दालचिनी. तोंडात मात्र ४७ टक्के अल्कोहोल आधी बोलतं. जीभ चुरचुरते, धूर पसरतो, आणि सफरचंद घोट गिळल्यावर, अगदी शेवटी. चमच्याने चार-पाच थेंब पाणी घातलं आणि चित्र पालटलं: गोडवा पुढे, धूर मागे. त्याहून जास्त पाणी मात्र नको, सगळंच मिळमिळीत होतं.

तेवढ्यात शिरीषचे वडील दार ढकलून आत आले. "अरे, नुसता वासच घेत बसणार का रे तुम्ही?" असं म्हणत त्यांनी आपल्या पेगमध्ये सरळ सोडा ओतला. शिरीषचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी काकांच्या ग्लासातला एक घोट मागून घेतला. खरं सांगतो, सोड्याच्या फसफशीबरोबर सफरचंदाचा वास थेट नाकात चढला. जपानी लोक हायबॉल, म्हणजे व्हिस्की-सोडा, उगाच पीत नाहीत.

या पिंपांची गोष्टही नामी आहे. मासाताका ताकेत्सुरु १९१८ साली व्हिस्की शिकायला स्कॉटलंडला गेला आणि १९२० मध्ये रिटा कोवनशी लग्न करून जपानला परतला. १९३४ मध्ये त्याने योइचीत स्वतःची कंपनी काढली. व्हिस्की मुरायला वर्षं लागणार, तोवर चूल कशी पेटायची? म्हणून आधी सफरचंदाचा रस विकला. पहिली व्हिस्की बाजारात आली ती १९४० मध्ये. त्या लग्नाला शंभर वर्षं झाली म्हणून २०२० मध्ये ही खास बाटली काढली, सफरचंदाच्या ब्रँडीच्या पिंपांत फिनिश केलेली. नवरा-बायकोच्या आठवणीसाठी याहून समर्पक पिंप सापडलं नसतं.

व्हिस्की मुरवायला शेरी (स्पॅनिश वाइन) आणि बर्बन (अमेरिकन व्हिस्की) यांची जुनी पिंपं आता नेहमीचीच. स्कॉचचे नियम २०१९ मध्ये सैल झाले आणि मेक्सिकोची टकिला व मेझकाल, फ्रान्सची सफरचंदाची ब्रँडी कॅल्वाडोस यांच्या पिंपांना वाट मोकळी झाली. एक अट अशी की ते मूळ पेय ओकच्या पिंपात मुरवण्याची परंपरा हवी. इथे माझं डोकं मोहाकडे वळलं. मोहाची आपण भट्टी लावतो, पिंपात मुरवत नाही. म्हणजे स्कॉचला मोहाचं पिंप वर्ज्यच. पण आपल्याला कोण अडवतंय? आमच्या दिंडोरीत 'लाँजिट्यूड ७७' ही सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली, फक्त माल्टची व्हिस्की) बनते, मोह तर ठाणे-पालघरपासून गडचिरोलीपर्यंत फुलतो. इंग्रजांनी १८९२च्या कायद्याने मोहाच्या फुलांवर बंधनं घातली, तेव्हापासून या दारूच्या कपाळी 'गावठी'चा शिक्का बसला तो बसलाच. एखाद्या डिस्टिलरीने आधी पिंपात मोहाची भरावी, मग तेच पिंप माल्टला द्यावं. फक्त लक्ष ठेवावं लागेल. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळुरूत १० ते १२. आपल्या उन्हात लाकूडही झपाट्याने चव सोडतं. मोहाचा दर्प जास्त उतरला तर माल्टचं नावही उरणार नाही.

योइचीची ही बाटली आता सहजी मिळायची नाही. पिंपाची करामत चाखायची असेल तर 'बाल्वेनी कॅरिबियन कास्क' ही स्कॉच घ्या. १४ वर्षांची, शेवटी रमच्या पिंपात ठेवलेली. बोंबील तळून झाल्यावरच उघडा. आणि परवाना खिशात असू द्या, महाराष्ट्रात तो लागतो.