सातवी क्लिप

इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग आमच्या नशिबी नाही, त्यामुळे गाडी कोलशेतला सोसायटीच्या गेटबाहेर उन्हात तापत असते. २०१३ची गाडी. म्युझिक सिस्टिम आणि एसीच्या जाळ्यांभोवतीची चंदेरी पट्टी आधी चिकट झाली, मग तिचे पापुद्रे सुटायला लागले. बोट लावलं की रंग बोटाला.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, सुटी पट्टी मिळत नाही, अख्खं पॅनल घ्या. आकडा ऐकून मी सरळ लोकल पकडून कुर्ल्याला सीएसटी रोडवर, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "ऑटो एसी का मॅन्युअल?" दोन्हींची नॉबची भोकं वेगळी असतात, हे मला तिथे कळलं. मोबाइलमध्ये फोटो होता म्हणून वाचलो. वापरलेलं पण स्वच्छ पॅनल मिळालं. घरी येऊन मोजतो तर खाचा सात आणि क्लिपा सहा.

हे काम भर दुपारी करायचं. कारण प्लास्टिक गरम असलं की थोडं वाकतं. थंड असलं की क्लिपा धरणारे कान तुटतात. आधी १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. जवळच एअरबॅगच्या वायरी असतात, तिथे शहाणपणा नको. हँडब्रेक ओढला, गिअर दुसऱ्यात टाकला, म्हणजे दांडा मागे येतो आणि पॅनलला जागा मिळते.

सुरुवात स्क्रू ड्रायव्हरने केली, हा शुद्ध गाढवपणा. डॅशबोर्डवर ओरखडा उठला. मग कडेने मास्किंग टेप लावली आणि प्लास्टिकची चपटी पट्टी घेतली. खालच्या कोपऱ्यातून ती सरकवून उचकटत गेलो. टक्, टक्, एकेक क्लिप सुटत आली. मागे हॅझर्डच्या, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावायच्या बटणाचा कनेक्टर असतो. त्याची जीभ दाबून धरली की तो अलगद निघतो, वायर ओढायची नाही.

सातवी क्लिप जुन्या पॅनलवरून घ्यायचा बेत होता. ती पक्कडीतून उडाली आणि डॅशबोर्डच्या पोटात गेली.

क्लिप आत तशीच ठेवली असती तर घोडबंदर रोडच्या प्रत्येक खड्ड्याला तिने आठवण करून दिली असती. नशीब की क्लिप पोलादी होती. फ्रिजवरच्या गणपतीमागचं चुंबक काढलं, दोऱ्याला बांधलं आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये विहिरीत गळ टाकावा तसं आत सोडलं. आधी दोन रुपयांचं नाणं आलं. मग एक केसाची पिन. अर्ध्या तासाने क्लिप.

कनेक्टर जोडून, बॅटरी लावून हॅझर्ड चालू करून बघितले आणि मगच तळहाताने पॅनल दाबलं. सातही क्लिपा बसल्या. घड्याळ तेवढं पुन्हा लावावं लागलं.

संध्याकाळी बायको गाडीत बसली, पट्टीवरून हात फिरवला. "छान झालंय. हा ओरखडा आधीपासून होता का?"

मी म्हटलं, "असेल."

गणपती अजून फ्रिजवर आडवा पडलाय.