पासपोर्टातला लेट

"सर, पासपोर्टावरचं इंग्रजी चुकलंय का हो?"

वर्षातून तीन-चारदा तरी हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच. मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायचो. आता घरीच असतो आणि आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं परदेशात आहेत. त्यांचे आईवडील साठी उलटल्यावर पहिल्यांदा पासपोर्ट काढतात. पोस्टातून पाकीट आलं की आधी स्वतःचा फोटो बघून तोंड वाकडं करतात आणि मग निवांतपणे आतला मजकूर वाचायला घेतात. तिथे राष्ट्रपतींच्या नावाने सगळ्या संबंधितांना विनंती केलेली असते, की या माणसाला मोकळेपणाने जाऊ द्यावं, 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स'. हिंड्रन्स म्हणजे अडथळा, हे कळतं. पण लेट म्हणजे तर जाऊ देणं! मग 'विदाउट लेट' म्हणजे विनापरवानगी की काय?

चूक नाही. वरच हिंदीत 'बिना रोक-टोक' छापलंय, तोच अर्थ. इथला लेट म्हणजे अडवणूक. एवढं सांगून मी वर्षानुवर्षं लोकांना चहा पाजून परत पाठवत आलो. पण गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरचे काका आले आणि माझंच उत्तर अर्धवट निघालं.

काकांनी एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली. लेक नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला असते. ही छपाईची चूक आहे, असं त्यांच्या इंजिनियर भाच्याने सांगितलं होतं. काकांना ते पटलं नव्हतं.

"विदाउट लेट, म्हणजे माणसाला लेट करू नका. खोळंबा नको. यात चुकलं काय?"

मी हसलो. "काका, गाडी लेट होते तो लेट वेगळा. त्याचं स्पेलिंग निराळं."

"असेल. मराठीत तर एकच आहे."

ते गेल्यावर मी उगीच कोश उघडला, आणि अर्ध्या तासाने खाली जाऊन काकांची माफी मागितली.

झालंय असं, की हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदं होती. एक 'लॅऽतन', म्हणजे सोडणं, राहू देणं, करू देणं. आजचा 'लेट मी गो'मधला लेट त्याचा, आणि भाड्याच्या घरावरच्या 'टू लेट' पाटीतलाही. दुसरं 'लेत्तन', म्हणजे अडवणं. हे दुसरं आलं 'लॅत' या विशेषणावरून. 'लॅत' म्हणजे संथ, मागे पडलेला. त्याचाच आज 'लेट' झालाय, एसटी लेट होते तोच. म्हणजे 'लेत्तन'चा मूळ अर्थच मुळी 'लेट करणं'. काकांनी जे कानाने ओळखलं, ते स्पेलिंग पाठ असल्यामुळे मला दिसलं नव्हतं.

पुढे शब्दांचे शेवट झडले, स्वर आखूड झाले आणि दोन्ही क्रियापदं 'लेट' होऊन बसली. एकाच वाड्यात दोन जोशी राहावेत आणि एकाची मनीऑर्डर दुसऱ्याकडे जावी, तशी गत. आणखी खोलात गेलं तर दोन्ही जोशी भाऊबंदच निघतात. 'सैल सोडणं' हे दोघांचं मूळ. हे पहिल्यांदा वाचून विचित्र वाटतं, पण मराठीत बघा ना. पतंगाला ढील दिली की तो सुटतो, कामात ढिलाई झाली की काम अडतं.

आता या दोन लेटांनी शेजारी राहून काय गोंधळ घातला, ते बघायचं तर १६११ सालचं इंग्रजी बायबल उघडावं. निर्गमाचा पाचवा अध्याय. पहिल्याच ओवीत मोशे आणि अहरोन फारोला देवाचा निरोप सांगतात, 'लेट माय पीपल गो'. माझ्या लोकांना जाऊ दे. तीन ओव्या पुढे फारो उलट विचारतो, 'मोशे आणि अहरोन, तुम्ही लोकांना कामापासून लेट का करता?' म्हणजे त्यांची कामं का अडवता. राजाचा राग आणि देवाची आज्ञा एकाच शब्दात, तीन ओव्यांच्या अंतरावर, आणि तेव्हाच्या वाचकाला त्यात काही खटकलं नसावं. आपण नाही का 'परवा आला' आणि 'परवा येईल' एका दमात म्हणत? क्रियापद बघितलं की मागचा परवा की पुढचा, ते कळतं. इंग्रजीतही तसंच असणार. 'लेट'नंतर दुसरं क्रियापद आलं तर सोडणं, नुसताच माणूस किंवा काम आलं तर अडवणं.

हॅम्लेटमध्येही तो आहे, आणि तिथे आमचा वर्ग हमखास अडखळायचा. बापाचं भूत खुणावतंय, हॅम्लेट मागे निघालाय, सोबती त्याला धरून ठेवतात. तो ओरडतो, 'जो मला लेट करेल त्याचंच मी भूत करीन.' पोरं विचारायची, सर, जाऊ देणाऱ्यालाच मारणार? मी 'इथे अडवणं असा अर्थ घ्या' म्हणून पुढे जायचो. आता लाज वाटते.

दोघांतला अडवणारा पुढे हळूहळू मागे पडला. १८८१ साली बायबलमधल्या नव्या कराराचं सुधारित भाषांतर निघालं, तेव्हा पौल रोमकरांना 'मी आजवर लेट झालो' असं लिहितो तिथे सरळ 'हिंडर्ड' घातलं गेलं. रोजच्या बोलण्यातून तर तो केव्हाच गेला होता. उरला तो खेळाच्या मैदानावर आणि सरकारी कागदात. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून योग्य चौकोनात पडली की पंच 'लेट' म्हणतो आणि सर्व्हिस पुन्हा होते. ते 'नेट'च असणार असं पुष्कळांना वाटतं. स्क्वॉशमध्ये मात्र शंकेला जागा नाही. समोरचा वाटेत आला आणि चेंडूपर्यंत पोचता आलं नाही, तर खेळाडू थांबून 'लेट, प्लीज' म्हणतो. फारोचाच शब्द, फक्त प्लीज जोडलेला.

सरकारी कागदात तो का टिकला, हे आपल्याला कुणी सांगायला नको. जमिनीच्या दस्तात 'कोणताही उजर अथवा हरकत न करता' असं असतं. मी स्वतः त्याखाली सह्या केल्यात, पण घरी कधी कुणाला 'तुझा काही उजर आहे का' म्हटलेलं नाही. ब्रिटिश पासपोर्टावर 'लेट ऑर हिंड्रन्स' होतं, ते आपल्याकडे जसंच्या तसं आलं.

माफी मागताना मी हे सगळं काकांना सांगितलं. एकच शब्द, कधी सोड, कधी अडव. ते म्हणाले, "त्यात काय, आमची दोरी पण एकच होती. एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते."

मे महिन्यात ते लेकीकडे गेले. डच भाषेत हे दोन जोशी अजून वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. करू देणं ते 'लाटन', अडवणं ते 'बलेटन'. शिवाय 'वात लेट ये?' असं तिथे आजही म्हणतात, म्हणजे तुला अडवतंय कोण, कर की! हे मी काकांना निघण्याआधी सांगून ठेवलं होतं.

आठवड्याभराने त्यांचा फोटो आला. पिवळी पाटी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'लेट ओप', खाली एक पायरी. 'सर, इथे कोण कुणाला अडवतंय?'

मी लिहिलं, 'याचा अर्थ लक्ष द्या. शब्द तोच. आधी अडणं, मग एखाद्या गोष्टीपाशी थबकणं, मग तिच्याकडे नीट बघणं.'

उत्तर लगेच आलं. 'म्हणजे सिंगल बेल.'