पट्टीवर नको, हातावर मारू द्या

किलियनचा 'एंजल्स शेअर' हा परफ्यूम पहिल्यांदा दरवळला तो आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये. दालचिनी, भाजलेली साखर आणि मागे मुरलेल्या कोन्याकची, म्हणजे फ्रेंच ब्रँडीची, ऊब. पिंपांतून उडून जाणाऱ्या मद्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. किलियन हेनेसी त्या कोन्याकवाल्या घराण्यातलाच, म्हणून 2020 च्या या परफ्यूमला हे नाव. 50 मिलीची किंमत ऐकून मी गप्प बसले. इथे दुबईत कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: इथल्याच लताफा कंपनीची स्वस्तातली 'खमराह' घे, तीच आहे.

खमराह देरातल्या दुकानात पाच मिनिटांत मिळाली. घोडं अडलं ते मूळच्या परफ्यूमपाशी.

मॉलमधल्या दुकानात टेस्टर समोर होता, पण हातावर मारू देईनात. "मॅडम, फक्त कागदाच्या पट्टीवर." पट्टी घेऊन घरी आले, मनगटावर खमराह मारली आणि दोन्ही हुंगत बसले. खमराह भयंकर गोड, पट्टी शांत. नक्कल फसली, असं मी नवऱ्याला ठामपणे सांगूनही टाकलं. साफ चुकलं माझं. अंगाच्या उबेने वरचे हलके वास लवकर उडतात आणि खालचा व्हॅनिला आणि टोंका नावाच्या सुगंधी बीचा वास वर येतो. कागद थंड, तिथे सगळं सावकाश. कागद आणि कातडी यांची तुलनाच होत नाही.

पुढच्या शनिवारी खमराहचीही पट्टी करून नेली. पर्समध्ये दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटल्या, वास एक झाला. तिसऱ्या शनिवारी मी काउंटरवरून हललेच नाही. शेवटी मॅनेजर आले आणि म्हणाले, "मारा ना हातावर, त्यात काय." अर्ध्या मिनिटाचं काम! एवढी महागडी बाटली विकायची आणि गिऱ्हाइकाला ती अंगावर कशी उतरते ते बघू द्यायचं नाही, याचा राग मला अजून येतो.

डाव्या हातावर किलियन, घरी येऊन उजव्यावर खमराह. पहिला अर्धा तास दोघं वेगळेच. किलियनमध्ये कोरडं ओकचं लाकूड, खमराहमध्ये तुपात परतलेल्या खजुराचा दाटपणा. तीन तासांनी मात्र जवळ आले, आणि रात्री नवऱ्याला ओळखता येईनात. खाऊच्या वासाची ही लाट 1992 च्या म्युग्लरच्या 'एंजल'पासूनची. त्यातल्या एथिल माल्टॉल या रसायनाचा वास भाजलेल्या साखरेचा. साखर स्वस्तातही जमते. जमलं नाही ते कोन्याक आणि ओक. म्हणून खमराहला मी नक्कल म्हणत नाही, ती खजुराची आहे आणि छान आहे.

हो, अशी तुलना करायची त्या दिवशी सुगंधी साबण, लोशन लावू नका. नाक थकलं की स्वतःचाच बिनवासाचा कोपर हुंगा. आणि उन्हात खमराहचा एकच फवारा. दोन मारून मी जुलैत पार्किंगपर्यंत गेले तर डोकं धरलं. बाटली संपत आलीय, दुसरीही हीच आणणार.